पहिले उड्डाण करणारे : ग्रुप कॅप्टन सुरंजन दास

नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेले आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी सुरंजन दास रस्त्यावरून नित्य ये-जा करीत असतील. ओल्ड मद्रास रोड आणि जुन्या विमानतळाचा रस्ता यांना जोडणारा हा मार्ग. पाटीवरचे ते नाव कोणाचे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

सुरंजन दास यांचा जन्म १९२० चा. वडील सुधीरंजन दास हे नामवंत कायदेपंडित. १९५६ ते १९५९ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. अशा घरातील मुलाला वकिलीची वाट मोकळी होती. सुरंजन यांनी आकाशाची वाट धरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हवाई दलात दाखल झाले आणि पुढे इंग्लंडमधील एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये चाचणी-वैमानिकाचे शिक्षण घेऊन आले.

नवे विमान कागदावर कितीही निर्दोष असले, तरी ते हवेत कसे वागते हे कोणाला तरी प्रथम त्यात बसूनच पाहावे लागते. ते कोणत्या वेगाला थरथरते, वळताना कोठे अडते, याची काटेकोर नोंद करून अभियंत्यांपुढे ठेवायची. दुरुस्ती झाली की पुन्हा उडायचे. धाडसापेक्षा चिकाटी आणि सचोटी यांची कसोटी पाहणारे हे काम दास यांनी आयुष्यभर केले.

१९५६ मध्ये विख्यात जर्मन अभिकल्पक कुर्ट टांक बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वदेशी जेट लढाऊ विमानाची आखणी सुरू झाली. हेच एचएफ-२४ ‘मारुत’. प्रथम त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर डकोटा विमानाच्या साहाय्याने आकाशात नेऊन तपासण्यात आले. १७ जून १९६१ रोजी मारुतने पहिले उड्डाण केले, तेव्हा त्याची सूत्रे दास यांच्या हाती होती.

विमान सुरेख साधले. परंतु ज्या शक्तिशाली इंजिनासाठी त्याची रचना केली होती, ते मिळालेच नाही. कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय अभियंत्यांनी त्याच इंजिनांना रीहीटची जोड दिली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून अधिक जोर मिळवण्याची ही युक्ती. असे सुधारित विमान घेऊन १० जानेवारी १९७० रोजी दास बंगळुरूच्या धावपट्टीवरून निघाले. उड्डाण घेतानाच विमान कोसळले आणि दास मृत्युमुखी पडले.

उड्डाणाचे पहिले काही क्षण सर्वांत कठीण असतात. विमान इंधनाने जड असते, वेग जेमतेम असतो आणि खाली जमीन अगदी जवळ असते. उंचावर बिघाड झाला तर विचार करायला थोडी उसंत मिळते. येथे ती मिळत नाही. हे दास यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही प्रत्येक नव्या चाचणीला ते स्वतः बसत.

त्याच वर्षी शासनाने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. पुत्राच्या मागे वृद्ध पित्याला सात वर्षे काढावी लागली. कारखान्यातील काम मात्र थांबले नाही. चार महिने पुरे होण्याआधीच, ३० एप्रिल १९७० रोजी, मारुतच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाने पहिली भरारी घेतली. पुढच्याच वर्षीच्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर मारुत विमाने लढली आणि हवाई झुंजीत त्यांतील एकही शत्रूच्या हाती पडले नाही. त्या विमानांत बसलेल्या तरुण वैमानिकांना आपले विमान कोठवर साथ देईल हे माहीत होते. कारण ते आधी कोणी तरी आजमावून ठेवले होते.

आपल्या मुलांना घेऊन कधी त्या रस्त्याने गेलात, तर पाटीकडे बोट दाखवून एवढे अवश्य सांगावे.