बोटीवर बसवून धाडलेला संपादक: बेंजामिन हॉर्निमन

मुंबईत फोर्टात ज्याचं काही काम निघतं तो हॉर्निमन सर्कलला वळसा घालूनच जातो. मधली गोल बाग, भोवती कमानींच्या इमारती, समोर टाउन हॉलच्या त्या चढत्या पायऱ्या. बेळगावहून, पणजीहून बँकेच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी गेलेली आपली माणसंही तिथे झाडाखाली बसून डबा खाऊन आलेली असतील. पण हा हॉर्निमन कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील, असेल कुणी गोरा गव्हर्नर.

गोरा होता, हे खरं. गव्हर्नर मात्र नव्हता. उलट एका गव्हर्नरने त्याला धरून बोटीवर चढवलं आणि विलायतेला धाडून दिलं. का, तर तो मुंबईत बसून वर्तमानपत्र काढत होता.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १७ जुलै १८७३ चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातला. वडील शाही नौदलात पगारखात्याचे मोठे अधिकारी. शिक्षण पोर्टस्मथला, म्हणजे नौदलाच्या गावातच. बंदर, बोटी, भोंगे हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याच गावच्या एका दैनिकात १८९४ च्या सुमाराला त्यांनी बातमीदारी सुरू केली आणि पुढे लंडनच्या पत्रांतही काम केलं. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये वृत्तसंपादक म्हणून आले. वंगभंगाच्या चळवळीने तेव्हा कलकत्ता पेटलेलं होतं. इंग्रजी मालकीच्या पत्रात बसून हा माणूस ते सगळं बघत होता, आणि बघता बघता त्याची बाजू ठरत गेली.

त्या काळची बातमी कशी चालायची हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीची धार कळणार नाही. १८७० पासून मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडलेली होती. पण तारेचा प्रत्येक शब्द पैसे खायचा, म्हणून रॉयटरच्या तारा त्रोटक असायच्या. सविस्तर मजकूर, पार्लमेंटातली भाषणं, विलायतेची वर्तमानपत्रं, खाजगी पत्रं हे सगळं टपालाच्या बोटीतून यायचं. आठवड्याला एक बोट, आणि वाटेत साधारण दोन आठवडे. बोट आली की पेढ्यांवर, कचेऱ्यांत, छापखान्यांत धावपळ. कोणती बोट लागली, कोणती सुटली, कोण उतरलं, कोण चढलं, हा दैनिकांचा नेहमीचा मजकूर होता. मुंबईचं पत्रसृष्टीचं घराणंच बंदराच्या अंगणात वाढलेलं. १८२२ मध्ये सुरू झालेलं गुजराती ‘मुंबई समाचार’ सुरुवातीला व्यापाऱ्यांसाठी बोटींच्या ये-जा छापत असे. त्याची लाल इमारत आजही हॉर्निमन सर्कललाच आहे.

आपल्या बाजूचीही तीच तऱ्हा. कोकणपट्टीतली बंदरं, वेंगुर्ला, पणजी इथे मुंबईची माणसं, टपाल आणि माल आगबोटीने यायचा, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की किनारा मुंबईपासून तुटायचा. घाटावर बेळगाव-धारवाडकडे रेल्वेचं टपाल होतं, म्हणून तिथे त्या मानाने बरं. पणजीला १९०० पासून स्वतःचं पोर्तुगीज दैनिक होतं, ‘ओ हेराल्दो’. पण मुंबईत काय चाललंय हे मुंबईहूनच कळायचं.

आणि मुंबईत इंग्रजीतून बोलणारं मोठं पत्र होतं ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’, म्हणजे साहेबाचं. त्याला उत्तर हवं म्हणून सर फिरोजशहा मेहतांनी मार्च १९१३ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काढलं आणि संपादक म्हणून हॉर्निमन यांना आणलं. यात एक गंमत आहे. मेहता मवाळांचे सिंह, टिळकांशी त्यांचं कधी जमलं नाही. आणि त्यांनी आणलेला संपादक मात्र दोनचार वर्षांत टिळक-बेझंटबाईंच्या होमरूलच्या छावणीत जाऊन बसला. मेहता १९१५ च्या नोव्हेंबरात वारले. त्यामुळे हे त्यांनी कसं घेतलं असतं हा प्रश्नच उरला नाही.

होमरूलचा विषय निघाला की बेळगावकरांची मान ताठ होते, आणि व्हायलाच हवी. टिळकांचा होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच स्थापन झाला. बेझंटबाईंचा लीग त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासेत निघाला. दोघांनी कार्यक्षेत्रं वाटून घेतली: मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड टिळकांकडे, मुंबईसह बाकीचा देश बाईंकडे. हॉर्निमन मुंबईचे, म्हणून ते बाईंच्या लीगमध्ये, उपाध्यक्ष. त्याआधी १९१५ मध्ये पत्रकारांची प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली, तिचे अध्यक्षही हेच. छापखान्यांकडून जामीन मागायचा, तो जप्त करायचा आणि पत्र बंद पाडायचं, हे १९१० च्या प्रेस ॲक्टचं हत्यार सरकारच्या हातात होतं. त्याच्याविरुद्ध ओरड करणाऱ्यांत एक इंग्रज पुढे होता, ही सरकारला सर्वांत झोंबणारी गोष्ट.

जून १९१८ मध्ये टाउन हॉलात युद्ध परिषद भरली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी टिळकांचं भाषण मध्येच तोडलं आणि टिळक उठून बाहेर पडले. डिसेंबरात हेच विलिंग्डन निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा त्यांच्या गौरवासाठी त्याच टाउन हॉलात सभा बोलावली गेली. जिना आणि हॉर्निमन यांची मंडळी सकाळपासूनच हॉलमध्ये जागा धरून बसली. मानपत्राचा ठराव कुणाला ऐकूच जाणार नाही असा गोंधळ झाला, पोलिसांनी हॉल रिकामा केला. जिनांचं नाव पुढे कोणत्या कारणाने घेतलं जाऊ लागलं ते आपण जाणतो, पण त्या दिवशी मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

मग आला एप्रिल १९१९. मुंबई बंदराच्या इतिहासात असा महिना दुसरा शोधावा लागेल.

५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ नावाची बोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांनी काढलेल्या सिंधिया कंपनीची ही पहिली बोट. ती विकत घेतली होती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून, महायुद्धात ती इस्पितळ-बोट होती, आणि म्हणून कंपनीचं नाव सिंधिया. ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, तुमच्या संस्थानाचं नाव पुढे कित्येक वर्षं समुद्रावर फिरत राहिलं. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीत देशी मालकीची बोट विलायतेला जाते आहे, हीच मोठी बातमी होती.

दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध हरताळ. गांधीजी मुंबईत होते. सत्याग्रह सभेचे ते अध्यक्ष आणि हॉर्निमन उपाध्यक्ष. सकाळी चौपाटीवर माणसांचा समुद्र, संध्याकाळी रस्त्यावर बंदी घातलेल्या पुस्तिकांची उघड विक्री. १० एप्रिलला पंजाबात भडका, १३ तारखेला जालियनवाला बाग. लगोलग लष्करी कायदा पुकारला गेला आणि पंजाबातून बातमी बाहेर येणंच बंद झालं. कुठल्याही तारेवर, पत्रावर डोळा. त्या अंधारात जे काही हाती लागेल ते छापत राहणाऱ्या थोड्या पत्रांत ‘क्रॉनिकल’ होतं.

२६ एप्रिलला हॉर्निमन यांना मुंबईत ताब्यात घेतलं आणि विलायतेला जाणाऱ्या बोटीवर नेऊन बसवलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, वकील नाही. कायदा लावला तो भारत संरक्षण कायदा, युद्धासाठी केलेला. युद्ध संपून तोवर साडेपाच महिने झाले होते.

सरकारचं म्हणणं काय होतं तेही सांगितलं पाहिजे. भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात कारणं दिली. दिल्लीत जमावावर मऊ टोकाच्या, म्हणजे जास्त घायाळ करणाऱ्या गोळ्या झाडल्या असा मजकूर ‘क्रॉनिकल’ने छापला, आणि गोऱ्या सैनिकांत बेदिली माजावी म्हणून पत्राच्या प्रती त्यांना फुकट वाटल्या गेल्या, असा आरोप होता. आता गोळ्यांची ती बातमी चुकीची असेल, संपादकाची चूक असेल, असं घटकाभर मानू. चुकीच्या बातमीसाठी कोर्ट होतं, प्रेस ॲक्ट होता, जामीन जप्त करता येत होता. हे सगळं हाताशी असताना सरकारने बोट निवडली. कारण कोर्टात हॉर्निमन बोलले असते, आणि ते बोलणं दुसऱ्या दिवशी देशभर छापून आलं असतं. बोटीवर बोलणारा माणूस फक्त समुद्राला ऐकू जातो.

पत्रावर पूर्वतपासणी लादली गेली. सरकारी अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. संचालकांनी पत्र काही आठवडे बंदच ठेवलं. गांधीजींना भीती होती ती शहर पुन्हा पेटण्याची. त्यांनी लोकांना शांत राहायला सांगितलं आणि ११ मेला, रविवारी, हॉर्निमन यांच्यासाठी हरताळ पाळायला लावला. तो शांततेत पार पडला. आणखी एक गोष्ट यातून निघाली. ‘क्रॉनिकल’ बंद पडल्यामुळे मोकळी झालेली जागा भरायला मुंबईचं साप्ताहिक ‘यंग इंडिया’ गांधीजींच्या देखरेखीखाली ७ मेपासून आठवड्यातून दोनदा निघू लागलं. पुढे ‘यंग इंडिया’ म्हणजेच गांधीजी असं समीकरण झालं. एक संपादक हटवून सरकारने त्याहून अवघड संपादक ओढवून घेतला.

आणि हॉर्निमन तरी गप्प बसले का? बोटीने त्यांना जिथे उतरवलं तिथे पार्लमेंट होतं, मजूर पक्ष होता, वर्तमानपत्रं होती. पंजाबची पूर्वतपासणी लंडनमध्ये लागू नव्हती. जालियनवाला बागेचे फोटो त्यांनी गुपचूप विलायतेत आणले असं सांगितलं जातं. १९२० मध्ये अमृतसरवर त्यांचं पुस्तक तिथे प्रसिद्ध झालं. जी बातमी मुंबईत दाबायची होती, ती साहेबाच्या दारात वाचली जाऊ लागली.

परतीचा रस्ता मात्र बंद. संरक्षण कायद्याची मुदत संपली तरी पासपोर्ट नावाची नवी कुलूपकिल्ली सरकारच्या हाती होती. हे हत्यार टिळकांवरही चाललेलं. १९१८ मध्ये होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन ते निघाले, तेव्हा कोलंबोतच पासपोर्ट रद्द करून त्यांना मागे फिरवलं होतं. हॉर्निमन वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, कायदेमंडळात त्यांच्या परवानगीचा प्रश्न निघाला, सरकार ढिम्म. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. टिळकवाडीजवळच्या त्या मांडवात देशभरचे पुढारी जमले, तेव्हाही हा माणूस सातासमुद्रापलीकडे अडकलेलाच होता.

मधल्या काळात ‘क्रॉनिकल’ने एक मजा केली. एक इंग्रज हाकलला तर संचालकांनी १९२० मध्ये दुसरा आणला, मार्माड्यूक पिकथॉल. हा कादंबरीकार, मुसलमान झालेला, खिलाफतीचा कैवारी. पुढे तो हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेला आणि तिथेच त्याने कुराणाचा आपला प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद पुरा केला. हैदराबादकरांना हे नाव अनोळखी नसेल. त्याच्यानंतर सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी ‘क्रॉनिकल’ सांभाळलं.

जानेवारी १९२६ मध्ये हॉर्निमन परतले. परवानगीची वाट बघणं सोडून, कायद्यातली फट हेरून, मुंबईच्या दारात न येता दक्षिणेतून मद्रासमार्गे. सात वर्षं जी मुंबई त्यांना बंद होती तिथे ते पुन्हा येऊन पोचले आणि सरकारला काही करता आलं नाही.

इथून पुढची कथा चढत्या कमानीची नाही. परत आलेला माणूस आणि बदललेलं शहर यांचं पूर्वीसारखं सूत जुळलं नाही. ‘क्रॉनिकल’मध्ये बसले, तिथून निघाले. १९२९ च्या सुमाराला ‘इंडियन नॅशनल हेरल्ड’ नावाचं स्वतःचं पत्र काढलं, ते टिकलं नाही. हट्टी माणूस, मालकांशी जुळवून घेणं हा त्यांचा पिंड नव्हता, हिशेबाची वही तर नव्हतीच. १९३३ मध्ये ‘बॉम्बे सेंटिनल’ हे सायंदैनिक सुरू झालं आणि तिथे मात्र ते बारा वर्षं जमले. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ट्रामच्या थांब्यावर विकला जाणारा अंक, स्थानिक भानगडी, पोलीस, गुन्हे. गंभीर मंडळी नाकं मुरडायची, लोक वाचायचे. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्याबरोबर ‘ब्लिट्झ’च्या स्थापनेतही त्यांचा हात होता. मुंबईच्या बिनधास्त पत्रकारितेचं ते साप्ताहिक पुढे किती गाजलं हे चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको.

ऑगस्ट १९४७ त्यांनी पाहिला. इंग्रजांची बोटीने रवानगी होताना पाहणारा हा इंग्रज स्वतः मात्र कुठे गेला नाही. ऑक्टोबर १९४८ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. ‘पत्रकारितेतली पन्नास वर्षं’ अशा नावाच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या, त्या अपुऱ्याच राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलची पाटी उतरली आणि त्यांच्या नावाची लागली. जुन्या गव्हर्नराच्या जागी बातमीदार. शेजारून निघणारा पारशी बाजाराचा रस्ता ब्रेलवी यांच्या नावाचा झाला, म्हणजे ‘क्रॉनिकल’चे दोन संपादक आज एकमेकांच्या कोपऱ्यावर उभे आहेत. समोर तोच टाउन हॉल. डाव्या-उजव्या हाताला टांकसाळ आणि कस्टम हाउस, आणि तिथून पायी थोड्या अंतरावर बॅलार्ड पिअर, गोदीचा दरवाजा.