वापरणाऱ्या स्त्रियांनाच विचारणाऱ्या लिलियन गिलब्रेथ

मासिक पाळीसाठीचे पॅड बाजारात आले, तेव्हा ते कसे असावेत हे बहुतांशी पुरुष उत्पादकच ठरवीत होते. ते वापरणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे पद्धतशीरपणे नोंदविण्याचे श्रेय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि औद्योगिक अभियंता लिलियन गिलब्रेथ यांना जाते.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे २४ मे १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. पती फ्रँक यांच्यासमवेत त्यांनी कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करून श्रम वाचविण्याच्या पद्धती शोधल्या. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र लेखक स्त्री असल्याचे उघड होऊ नये म्हणून त्यावर नावाची केवळ आद्याक्षरे छापण्यात आली.

जून १९२४ मध्ये फ्रँक यांचे अकस्मात निधन झाले आणि अकरा मुलांची जबाबदारी लिलियन यांच्यावर आली. स्त्री सल्लागार नको म्हणून अनेक ग्राहक कंपन्यांनी पाठ फिरविली. तेव्हा स्त्री असणे ही उणीव न ठरता जमेची बाजू ठरेल, अशा क्षेत्रांकडे त्या वळल्या.

पहिल्या महायुद्धातील मलमपट्टीच्या साहित्यापासून बनविलेले 'कोटेक्स' पॅड त्या सुमारास अमेरिकेत विकले जात होते. विक्रेत्याशी बोलण्याचा संकोच टळावा म्हणून दुकानांत पैसे टाकण्यासाठी स्वतंत्र पेटी ठेवली जाई. या बाजारपेठेत उतरलेल्या 'जॉन्सन अँड जॉन्सन'ने गिलब्रेथ यांच्याकडे अभ्यास सोपविला.

त्यांनी प्रश्नावलीद्वारे विद्यार्थिनी व नोकरदार स्त्रियांसह एक हजाराहून अधिक जणींची मते मिळविली. पॅड फार लांब व जाड असल्याने अनेकजणी ते घरी कापून वापरत असल्याचे त्यातून दिसले. पातळ कपड्यांतून जाणवणार नाही, टोचणार नाही आणि वापरानंतर सहज विल्हेवाट लावता येईल, असे पॅड त्यांना हवे होते. हे निष्कर्ष गिलब्रेथ यांनी १९२७ मध्ये कंपनीला सादर केले. संकोचाच्या आड राहिलेली गैरसोय अशा रीतीने प्रथमच अभियांत्रिकीचा प्रश्न म्हणून मांडली गेली.

पुढे १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर १९६५ मध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. २ जानेवारी १९७२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.