डॉ. कोटणीस आणि दवाखान्यातला कॉम्प्युटर

मी दवाखान्यांसाठी रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. जन्म १९१०चा, डॉक्टरकी मुंबईत. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते थेट युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले. तिथे भाषा अनोळखी, लिपीही. कोटणीस चिनी बोलायला-लिहायला शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले! १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ऑपरेशनं करता करता शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही लिहीत होते, म्हणजे डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरवत होते. फिट्सच्या आजाराने ९ डिसेंबर १९४२ला ते गेले. वय फक्त ३२.

आज १४ आकडी आभा नंबर आहे. तुमच्या संमतीने एका दवाखान्याची नोंद दुसऱ्या डॉक्टरला दिसू शकते. पण ती नोंद आधी कोणीतरी भरायला हवी ना? सोलापुरात काउंटरवर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं चालतं आणि स्क्रीन बहुतेक वेळा इंग्रजी. गर्दी वाढली की ताई सरळ वही उघडतात. याला 'ट्रेनिंग कमी पडलं' म्हणणं मला पटत नाही. कोटणीसांनी चिनी पेशंटना मराठी शिकवली नव्हती.

सध्या औषधांच्या वेळांचा स्क्रीन मराठीत करतोय. कन्नड आणि तेलुगू बाकी आहे.