डॅशिएल हॅमेट : नभोवाणीवरचे एक नाव

नभोनाट्याच्या संहितेत निवेदनाचे स्थान कोणते, याचा विचार आपण या घटकाच्या प्रारंभी केला. जेथे रंगमंच नाही, नेपथ्य नाही आणि नटाचा चेहराही नाही, तेथे खून झालेली खोली श्रोत्याला कोण दाखवणार? रहस्यनाट्य लिहिणाऱ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक छळतो. दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या दोन दशकांत अमेरिकेतील नभोवाणीने त्याची अनेक उत्तरे शोधली. त्यांतील एक उत्तर ज्यांच्या गद्याशी जवळचे नाते सांगते, त्या डॅशिएल हॅमेट यांचे चरित्र आता आपण पाहू. ज्या मालिकांनी त्यांचे नाव घरोघर पोहोचवले, त्यांच्या संहिता त्यांनी स्वतः लिहिलेल्या नव्हत्या, हे आरंभीच लक्षात ठेवा.

सॅम्युएल डॅशिएल हॅमेट यांचा जन्म 27 मे 1894 रोजी मेरीलँड राज्यात झाला. बालपण फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर या शहरांत गेले. घरच्या ओढगस्तीमुळे शाळा लवकरच सुटली. मिळेल ते काम करीत 1915 मध्ये ते पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना त्यांना इन्फ्लुएंझाने गाठले आणि पाठोपाठ क्षय जडला. रुग्णालयात भेटलेल्या जोसेफिन डोलन या परिचारिकेशी 1921 मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. प्रकृती साथ देईना, म्हणून गुप्तहेराची नोकरी सोडून ते जाहिरातींचा मजकूर आणि कथा लिहू लागले.

या नोकरीकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे. पाळतीवर असलेल्या गुप्तहेराला कचेरीत अहवाल द्यावा लागतो. संशयित किती वाजता बाहेर पडला, अंगावर काय होते, कोणाशी बोलला, कोणत्या दारातून आत गेला, हे सर्व त्यात येते. त्याच्या मनात काय चालले होते, हे येत नाही, कारण अहवाल लिहिणाऱ्याला ते दिसलेले नसते. माझ्या मते हॅमेट यांची शैली या अहवालातच घडली. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकातील त्यांच्या कथांचा निवेदक स्वतःचे नावही सांगत नाही. 1930 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीत तर सॅम स्पेड या गुप्तहेराच्या मनात निवेदक शिरतच नाही. स्पेड तंबाखू कागदात गुंडाळून सिगारेट कशी वळतो, हे सविस्तर येते. सहकाऱ्याच्या खुनाची बातमी ऐकल्यावर त्याला काय वाटले, हे येत नाही. तुम्ही वाचलेली कोणतीही मराठी रहस्यकथा घ्या आणि एका प्रकरणात ‘वाटले’, ‘जाणवले’, ‘उमगले’ यांसारखी क्रियापदे किती वेळा येतात ते मोजा. हॅमेट यांनी काय गाळले, ते त्या मोजणीतून कळेल.

‘रेड हार्वेस्ट’ (1929) ते ‘द थिन मॅन’ (1934) अशा त्यांच्या पाच कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर एकही नाही. मद्यपान, आजारपण, चित्रपटांतून सहज येणारा पैसा अशी अनेक कारणे अभ्यासक देतात. एकच कारण शोधण्याचा अट्टहास आपण करू नये. कुटुंबापासून ते दूर राहू लागले होते. 1930 नंतर नाटककार लिलियन हेलमन यांची सोबत त्यांना अखेरपर्यंत लाभली.

लेखणी थांबली आणि नाव मात्र नभोवाणीवर गेले. 1941 मध्ये ‘द थिन मॅन’वरील मालिका सुरू झाली. 1946 च्या जानेवारीत ‘द फॅट मॅन’ आली. तिच्या आरंभी स्थूल नायक वजनकाट्यावर उभा राहतो आणि एक स्त्री त्याचे वजन वाचून दाखवते. शरीर दिसत नसलेल्या माध्यमात शरीर उभे करण्याची ही युक्ती मला फार आवडते. त्याच वर्षीच्या जुलैत ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ सॅम स्पेड’ ही मालिका सुरू झाली. विल्यम स्पिअर तिचे दिग्दर्शक, स्पेडच्या भूमिकेत हॉवर्ड डफ आणि त्याची चिटणीस एफी हिच्या भूमिकेत लुरीन टटल. या मालिकेची रचना पाहा. काम आटोपून स्पेड कचेरीत येतो आणि एफीला अहवाल सांगू लागतो. तारीख, विषय, मग घडले ते. सांगता सांगता प्रसंग जिवंत होतात आणि अखेरीस अहवाल मिटतो. म्हणजे निवेदनासाठी वेगळा निवेदक आणावा लागत नाही, आणि एफीच्या रूपाने श्रोत्याचा प्रतिनिधीही संहितेतच बसलेला असतो. कादंबरीतला स्पेड तुटक व कठोर, नभोवाणीवरचा गमत्या आणि बडबडा. पण पिंकर्टनच्या कचेरीतला अहवाल येथे बोलका झाला होता. हॅमेट यांना मानधन मिळे आणि प्रक्षेपणात त्यांचे नाव उच्चारले जाई.

दुसऱ्या महायुद्धात अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, क्षयाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन, ते साधे शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात दाखल झाले होते. अल्युशियन बेटांपैकी अडॅक येथे त्यांनी सैनिकांसाठी वृत्तपत्र चालवले. त्यांची राजकीय मते डावी होती आणि त्यांनी ती लपवली नाहीत. युद्ध संपल्यावर अमेरिकेत साम्यवादाच्या संशयाची लाट उसळली, तेव्हा मालिकेच्या श्रेयनामावलीतून त्यांचे नाव वगळले गेले. जून 1950 मध्ये प्रसारण क्षेत्रातील 151 व्यक्तींना संशयित ठरवणारी ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. तिच्यात हॅमेटही होते आणि हॉवर्ड डफही. मालिकेला पैसा पुरवणाऱ्या केशतेलाच्या कंपनीने हात काढून घेतला आणि चार्ली वाइल्ड नावाचा नवा गुप्तहेर उभा केला. श्रोत्यांच्या आग्रहामुळे स्पेड काही महिन्यांसाठी परतला, तो दुसऱ्या नटाच्या आवाजात. 1951 संपण्यापूर्वी तिन्ही मालिका बंद पडल्या होत्या.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात हॅमेट यांना न्यायालयात बोलावण्यात आले. साम्यवादी पक्षाच्या शिक्षा झालेल्या नेत्यांपैकी चौघे जामिनावर असताना फरार झाले होते आणि ज्या निधीतून जामीन भरला गेला, त्याचे हॅमेट हे एक विश्वस्त होते. निधीला पैसे कोणी दिले, ती नावे सांगा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी सुमारे पाच महिने त्यांनी भोगले. ती नावे त्यांना मुळात ठाऊकच नव्हती, असे हेलमन यांनी पुढे लिहिले आहे. हेलमन यांच्या आठवणींच्या विश्वासार्हतेवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, म्हणून हे विधान जपून वापरावे. पण ते खरे असेल, तर ठाऊक नाही एवढे म्हणून ते सुटू शकले असते. तेही त्यांनी म्हटले नाही.

सुटकेनंतर प्राप्तिकर खात्याने त्यांच्या उत्पन्नावर टाच आणली. 1954 मध्ये एक निकाल मात्र त्यांच्या बाजूने लागला. ‘द माल्टीज फाल्कन’चे हक्क 8,500 डॉलरना घेणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा दावा होता, की सॅम स्पेड हे पात्रही तिचेच झाले. अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्या एका कथेचे हक्क विकले, तरी तेच पात्र घेऊन नव्या कथा रचण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो, असे ठरले. पात्र आणि कथानक यांचे नाते काय, या साहित्यशास्त्रातील जुन्या प्रश्नावर कायद्याने दिलेले हे उत्तर तुम्ही अवश्य अभ्यासावे. हॅमेट यांना त्याचा लाभ झाला नाही. स्पेडची मालिका बंद पडून तोवर तीन वर्षे झाली होती.

अखेरची वर्षे त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या कॅटोना गावी स्नेह्यांनी राहायला दिलेल्या एका लहानशा घरात काढली. 10 जानेवारी 1961 रोजी न्यूयॉर्कमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दोन्ही महायुद्धांतील सैनिक या नात्याने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

‘सॅम स्पेड’चे अनेक भाग ध्वनिमुद्रित स्वरूपात आजही उपलब्ध आहेत. इंग्रजी संवाद पूर्ण समजले नाहीत तरी एक भाग ऐका आणि एफीचा आवाज नेमका कोणत्या ठिकाणी मध्ये येतो याची टिपणे काढा. पुढील उपघटकात तुम्हाला दहा मिनिटांची श्रुतिका लिहायची आहे. तेव्हा ही टिपणे हाताशी असू द्या.