आर्तुरी विर्तानेन : मुळावरच्या गाठीपासून दुधाच्या भांड्यापर्यंत



नायट्रोजन चक्र शिकवताना आपण सगळेच एक गोष्ट हमखास सांगतो. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत रायझोबियम जीवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. याच ओघात आपण पुढे असंही सांगून जातो, की म्हणूनच मक्यात चवळी किंवा ज्वारीत तूर लावली, की ते द्विदल पीक शेजारच्या धान्याला खत पुरवतं. यातली पहिली गोष्ट पक्की आहे. दुसरी मात्र जरा जपून सांगायला हवी. ती का, हे ज्यांच्या कामातून छान समजतं, अशा एका शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊया. त्यांचं नाव आर्तुरी इल्मारी विर्तानेन. देश फिनलंड. 1945 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं, आणि तेही चक्क गुरांच्या वैरणीवरच्या कामासाठी!

बालपण आणि शिक्षण

विर्तानेन यांचा जन्म 15 जानेवारी 1895 रोजी हेलसिंकी येथे झाला. त्या वेळी फिनलंड स्वतंत्र नव्हता, तो रशियन साम्राज्याचा भाग होता. त्यांचं शालेय शिक्षण विपुरी या गावी झालं. नकाशात हे गाव आज फिनलंडमध्ये सापडणार नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रशियाकडे गेलं.

हेलसिंकी विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. ते शिकत असतानाच, 1917 मध्ये, देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे यादवी युद्ध पेटलं. अशा धामधुमीच्या काळात त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. 1920 मध्ये लिल्या मोइसिओ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे. पुढे झुरिक आणि स्टॉकहोम येथे जाऊन त्यांनी जीवरसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं. स्टॉकहोमला त्यांचे मार्गदर्शक होते हान्स फॉन ऑयलर-केल्पिन, ज्यांना स्वतःला 1929 मध्ये नोबेल मिळालं.

एवढं शिकलेला तरुण परदेशात मोठ्या विद्यापीठात राहू शकला असता. विर्तानेन मात्र मायदेशी परतले, आणि कामाला लागले ते एका दूध संघात.

दूध संघाची प्रयोगशाळा

वालिओ ही फिनलंडमधली सहकारी संस्था. 1905 मध्ये लोणी परदेशी पाठवण्यासाठी तिथल्या सहकारी डेअऱ्यांनी एकत्र येऊन ती सुरू केली. आपल्याकडच्या सहकारी दूध संघांची आठवण व्हावी अशीच तिची रचना. 1921 पासून विर्तानेन तिच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

इथे काम करताना त्यांना कळलं, की दुधाचे आणि लोण्याचे प्रश्न डेअरीत सुटत नाहीत. त्यांचं मूळ गोठ्यात असतं, गोठ्याचं मूळ वैरणीत आणि वैरणीचं मूळ शेतात. त्यामुळे ते एकेक पायरी मागे मागे जात राहिले.

सात-आठ महिन्यांचा हिवाळा

जरा कल्पना करा. उन्हाळा छोटा. वर्षातले सात-आठ महिने गुरं गोठ्यात बांधलेली. बाहेर बर्फ, हिरवं पानही दिसत नाही. तेवढे सगळे महिने साठवलेल्या चाऱ्यावर गाय जगवायची आणि तिच्याकडून दूधही मिळवायचं. वाळलेल्या गवतात प्रथिनं कमी पडायची, म्हणून पेंड परदेशातून आणावी लागे. पेंड महाग, शिवाय युद्ध लागलं की ती येणंच बंद. चाऱ्यातलं कॅरोटीन वाळवताना नष्ट व्हायचं, त्यामुळे हिवाळ्यात लोणी पांढुरकं पडायचं. रंग गेला म्हणजे दुधातलं अ जीवनसत्त्वही घटलं, आणि त्याचा तोटा थेट लहान मुलांना. म्हणजे प्रश्न वैरणीचा दिसला तरी खरा प्रश्न मुलांच्या पोषणाचा होता.

यावर शेतातलं उत्तर तिथल्या शेतकऱ्यांना अंशतः ठाऊक होतं. ते टिमोथी नावाच्या गवतात लाल क्लोव्हर मिसळून पेरत. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचंच भावंड. तसंच ओटमध्ये वाटाणा पेरून दोन्ही एकत्र हिरवं कापत. अशा मिश्र चाऱ्याचे फायदे सरळ आहेत. ओटमुळे चाऱ्याला पिष्टमय पदार्थ आणि भर मिळते, वाटाण्यामुळे प्रथिनं मिळतात. वाटाण्याचा वेल नाजूक असतो, तो ओटच्या ताठ दांड्याचा आधार घेऊन उभा राहतो, जमिनीवर लोळून कुजत नाही. आणि वाटाणा आपला नायट्रोजन बराचसा हवेतून घेतो, त्यामुळे जमिनीतला नायट्रोजन ओटच्या वाट्याला जास्त येतो.

घोडं अडत होतं ते साठवणीत.

चारा आंबवण्याची अडचण

हिरवा चारा बारीक कापून, खड्ड्यात दाबून, हवा जाऊ न देता आंबवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो. यालाच आपण मुरघास म्हणतो. चाऱ्यातल्या साखरेवर जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की चारा कुजवणारे जीवाणू थंडावतात. लोणच्याचं तत्त्व समजा.

पण शेंगावर्गीय चाऱ्यात साखर कमी असते, आणि त्यातली प्रथिनं व क्षार तयार झालेल्या आम्लाचा जोर मोडतात. मग आम्लता पुरेशी वाढत नाही. ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जीवाणू माजतात, चाऱ्याला घाण वास येतो, प्रथिनं विघटन पावून वाया जातात. याच जीवाणूंचे बीजाणू शेणामार्फत दुधात उतरले, की त्या दुधाचं चीज फुगून फाटतं. थोडक्यात, ज्या प्रथिनांसाठी क्लोव्हर आणि वाटाणा पेरायचा, तीच खड्ड्यात गमवायची!

विर्तानेन यांनी प्रश्न असा मांडला : चाऱ्यातली नासाडी नेमक्या किती आम्लतेला थांबते? प्रयोगांतून उत्तर मिळालं, की सामू 4 च्या खाली गेला की वनस्पतीच्या पेशींचं श्वसन, प्रथिनांचं विघटन आणि नको असलेलं किण्वन या सगळ्यांना आळा बसतो. मग जीवाणू आम्ल तयार करतील याची वाट कशाला बघायची? चारा भरतानाच हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं पातळ द्रावण मोजून त्यावर टाकायचं. 1920 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत आली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एआयव्ही पद्धत म्हणतात.

आम्ल घातलेला चारा गाईला द्यायचा म्हटल्यावर कुणाच्याही मनात शंका येणारच. गाय आजारी पडेल का? दूध बिघडेल का? विर्तानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. आम्लाचा परिणाम कमी करण्यासाठी खाद्यातून चुना किंवा सोडाही दिला जाई. हेलसिंकीजवळ विर्तानेन यांचं स्वतःचं शेतही होतं आणि आपल्या पद्धती ते तिथे वापरून बघत. ही पद्धत फिनलंडबाहेरच्या देशांतही पोहोचली. तीव्र आम्लं हाताळणं धोक्याचं होतं आणि अवजारं गंजत, ही तिची उणी बाजू. म्हणून पुढे त्यांच्याऐवजी फॉर्मिक आम्ल वापरात आलं.

ओट, वाटाणा आणि एक वाद

आता आपल्या सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. द्विदल पिकं गाठींच्या मदतीने हवेतला नायट्रोजन घेतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1880 च्या दशकातच दाखवलं होतं. विर्तानेन यांना पुढचं पाहायचं होतं : हा नायट्रोजन शेजारच्या धान्यालाही मिळतो का?

त्यांनी निर्जंतुक वाळूच्या कुंडीत वाटाणा आणि धान्य शेजारी शेजारी वाढवलं. वाळूत नायट्रोजन घातलेला नव्हता. वाटाण्याला मात्र गाठींचे जीवाणू दिलेले होते. कुंडीतलं धान्य चांगलं वाढलं. गाठींमधून ॲस्पार्टिक आम्लासारखी नायट्रोजनयुक्त संयुगं बाहेर झिरपतात आणि शेजारचं रोप ती शोषून घेतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मिश्र पेरणीचं कोडं सुटलं असं वाटावं, इतका तो सुबक होता.

पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनसह इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग केला, तेव्हा बहुतेक वेळा तसं झिरपणं आढळलंच नाही. कधी आढळे, कधी नाही. म्हणजे विर्तानेन यांची निरीक्षणं खोटी होती का? नाही. फिनलंडचा लांब दिवस आणि थंड हवा, रोपाची जात, जीवाणूंचा प्रकार, या सगळ्यांवर ते अवलंबून आहे असं दिसत गेलं. एका जागी खरं असलेलं सगळीकडे लागू होईलच असं नाही.

आज आपण काय सांगू शकतो? हंगाम चालू असताना द्विदलाकडून शेजारच्या धान्याला थेट मिळणारा नायट्रोजन बहुधा थोडाच असतो. मुख्य फायदा हा, की द्विदल पीक जमिनीतल्या नायट्रोजनसाठी धान्याशी फारशी चढाओढ करत नाही. पीक निघाल्यावर मुळं आणि गाठी कुजतात, तेव्हा त्यांतला नायट्रोजन पुढच्या पिकाला मिळतो. क्लोव्हर-टिमोथीसारख्या अनेक वर्षं टिकणाऱ्या कुरणात जुनी मुळं सतत कुजत असतात, म्हणून तिथे शेजाऱ्यालाही बऱ्यापैकी वाटा मिळतो. मुलांना असं सांगितलं तर ते बरोबरही होईल आणि कळायलाही अवघड नाही.

गाठींचा विषय विर्तानेन यांनी सोडला नाही. जपानच्या कुबो यांनी 1939 मध्ये गाठींतला लाल रंग हा हिमोग्लोबिनचा प्रकार असल्याचं दाखवलं होतं. या लाल द्रव्याचा आणि नायट्रोजन स्थिरीकरणाचा संबंध कसा आहे, यावर विर्तानेन यांनी पुढे बरंच काम केलं.

सन्मान आणि अखेर

1945 चं नोबेल हे विज्ञानातलं फिनलंडला मिळालेलं पहिलं नोबेल. त्यात चारा टिकवण्याच्या पद्धतीचा खास उल्लेख होता. 1931 पासून ते हेलसिंकीच्या जीवरसायन संशोधन संस्थेचे प्रमुख होते, आणि 1948 नंतर फिनलंडच्या अकादमीचे अध्यक्षही झाले. इतकं होऊनही राहणी साधी. त्यांनी कधी मोटार घेतली नाही.

साठी ओलांडल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. खाद्यात प्रथिनं अजिबात नसली तर गाय दूध देईल का? शुद्ध पिष्टमय पदार्थ आणि नायट्रोजनसाठी फक्त युरिया व अमोनियम क्षार, अशा खाद्यावर हळूहळू सवय लावलेल्या गाईंनी खरोखर दूध दिलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीवच साध्या नायट्रोजनपासून प्रथिनं तयार करतात, हे त्यातून ठळक झालं. (युरिया मोजमापाशिवाय दिला तर जनावराला विषबाधा होते. हा प्रयोग घरी करण्याचा नाही, हे मुलांना जरूर सांगा.)

11 नोव्हेंबर 1973 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, हेलसिंकीत त्यांचं निधन झालं. मुळावरच्या गाठीतल्या जीवाणूपासून गाईच्या पोटातल्या जीवाणूपर्यंत, नायट्रोजनचा एकच धागा ते आयुष्यभर पकडून होते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. तीन कुंड्या घ्या. एकीत फक्त मका, दुसरीत फक्त चवळी, तिसरीत दोन्ही. माती, पाणी, ऊन सारखंच ठेवा. पानांचा रंग आणि उंची दर आठवड्याला मुलांनाच नोंदवू द्या. फरक दिसला नाही तरी नोंद तशीच ठेवा.

2. साधारण सहा आठवड्यांनी चवळीचं रोप मातीसकट अलगद काढा, मुळं धुवा आणि गाठी मोजा. एक गाठ नखाने फोडून आतला रंग बघा. आत गुलाबी-लाल असेल तर ती गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

3. हिरवा मका बारीक कापून एका प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बांधा. तेवढाच चारा दुसऱ्या पिशवीत सैल, तोंड उघडं ठेवून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी रंग आणि वास ताडून बघा. मक्यात साखर भरपूर असते, त्यामुळे बाहेरून आम्ल घालायची गरज नाही. तीव्र आम्लं तर वर्गात आणूच नका.

4. ज्या मुलांच्या घरी गुरं आहेत, त्यांना घरी विचारून यायला सांगा : चाऱ्यात एकदल कोणता, द्विदल कोणता? मुरघास कशाचा करता? नुसत्या मक्याचाच का? विर्तानेन यांनी सोडवलेला प्रश्न या उत्तरांत मुलांना आपोआप सापडेल.

आणि शेवटचं. कुंडीतला निकाल पुस्तकाशी जुळला नाही, तर मुलांना चूक ठरवू नका. कोणती माती, कोणतं बी, किती ऊन, असं विचारा. विर्तानेन यांच्या वाटाण्याचा वाद याच प्रश्नांनी पुढे गेला होता.