दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी, इ.स. १८९६ – १७ एप्रिल, इ.स. १९९०) हे मराठी कवी आणि पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक होते. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. तथापि आज त्यांचे नाव घेतले जाते ते कवितेपेक्षा अडकित्ते, दिवे आणि दौती यांच्यामुळे.

केळकरांच्या कुटुंबाचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता. इ.स. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या काळी संग्राहकांचे लक्ष प्रामुख्याने नाणी, शस्त्रे, शिल्पे व दरबारी चित्रे यांच्याकडे असे. स्वयंपाकघरातील अथवा माजघरातील भांड्याला कलावस्तू मानण्याची रीत नव्हती. घरात पितळेची किंवा तांब्याची नवी भांडी आली की जुनी मोडीत जात व वितळवली जात. अनामिक कासार, सुतार आणि कुंभार यांचे काम असे कायमचे नष्ट होत होते. केळकरांनी नेमक्या याच वस्तूंचा शोध घेतला. सुपारी कातरण्यासाठी साधी दोन पाती पुरेशी असतात. तरीही कारागिराने अडकित्त्याला पोपटाचा किंवा घोड्याचा आकार दिला. टाच घासण्याच्या वज्रीवरही नक्षी केली. समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, फण्या, पानदाने, खेळणी, कोरीव दरवाजे, चित्रकथींची चित्रे व चामड्याच्या बाहुल्या असा हा संग्रह वाढत गेला.

त्यासाठी केळकरांनी देशभर, अनेकदा खेड्यापाड्यांतून, प्रवास केला आणि स्वतःची मिळकत खर्ची घातली. पत्नी कमलाबाई यांचा या कामात मोठा वाटा होता. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव देण्यात आले. इ.स. १९६०पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती. पुढे केळकरांनी हा संपूर्ण संग्रह विकण्याऐवजी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

भारतीय दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक इ.स. १९६१ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. संग्रहालय पुण्यात बाजीराव रस्त्यालगत आहे. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्याची तेथे पुन्हा उभारणी केलेली आहे. पाहुण्यांची गर्दी बहुधा त्या दालनात होते. मात्र केळकरांची दृष्टी समजून घ्यावयाची असल्यास अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबणे अधिक इष्ट. जागेअभावी संग्रहाचा थोडाच भाग प्रदर्शित केलेला असतो.