सलीम अली : पक्ष्यांचे राखणदार

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून दिल्ली दरवाजाकडे निघाले, की बाजाराची गजबज मागे पडते आणि हिमायतबागेच्या परिसरात सलीम अली सरोवर लागते. मोगल काळात हा तलाव खिजरी तलाव म्हणून ओळखला जाई. ज्यांचे नाव आज त्याला आहे, त्या पक्षिशास्त्रज्ञाचा या भूभागाशी संबंध केवळ नावापुरता नव्हता.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेला आणि तिथेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पक्षिरक्षणाचा हा पुरस्कर्ता शिकारी म्हणून घडला, हे विसरून चालत नाही.

१९२६ मध्ये त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात प्रेक्षकांना माहिती देणाऱ्या मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे ते बर्लिनला स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झाले होते. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्यानंतर वेतन न घेता, केवळ प्रवासखर्चावर, संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते. या भटकंतीत पत्नी तेहमिना सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती रानवाटांची पहिली वाट आली.

भरतपूरचे पाणथळ रान हा त्यांच्या जीवनातला सर्वांत मोठा, आणि सर्वांत अवघड अध्याय. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, योगायोगाने त्यांच्याच वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ते पाणी शेतीसाठी काढून टाकण्याचा आग्रह झाला, तेव्हा सलीम अली त्या रानाच्या बाजूने उभे राहिले. १९८० च्या दशकारंभी केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. सलीम अली व त्यांचे सहकारी या बंदीच्या बाजूचे होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईचा हक्क मागणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात काही जण मृत्युमुखी पडले. उद्यान पक्ष्यांसाठी सुरक्षित झाले, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणाऱ्या माणसाला तिथे जीव गमवावा लागला. सलीम अलींच्या थोरवीसमोर ही गोष्ट दडपून ठेवण्याची गरज नाही.

पुढे जे झाले ते अधिकच बोलके आहे. सोसायटीच्याच अभ्यासकांनी दहा वर्षे निरीक्षण केले आणि निष्कर्ष उलटा निघाला : म्हशी गवत खात होत्या, म्हणूनच पाणी मोकळे राहत होते, बंदीनंतर गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आकसली. वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्याची शिस्त ज्या संस्थेला सलीम अलींनी लावली, तिनेच त्यांची चूक दाखवून दिली. शास्त्रज्ञाच्या वाट्याला याहून चांगला वारसा क्वचितच येतो.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व आणि त्याच वर्षी आत्मचरित्र असे सन्मान व काम शेवटपर्यंत चालू होते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईत निवर्तले.